विशेषणाचं शेपूट

२ मार्च, सोमवार

थेरपिस्ट बाईंनी एक वही दिली आहे. तिच्यात रोज लिहायचं, हे किती शब्द बोलले, कोणते बोलले, किती वेळाने बोलले. दर सोमवारी बाई ती तपासतात, म्हणून तिच्यात मी शहाण्यासारखी वागते. ही दुसरी वही माझी. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात, काउंटरच्या खालच्या खणात, मोडक्या फ्रेमांच्या डब्याखाली राहील. दुपारी मालक जेवायला जातात. चष्मे लावणाऱ्यांना ऊन सोसत नाही की काय, त्या वेळी कोणी फिरकत नाही.

यांना अर्धांगाचा झटका येऊन पाच आठवडे झाले. दात घासताना यांच्या हातून ब्रश पडला आणि मी म्हटलं, "अहो, लक्ष कुठाय?" ते माझं शेवटचं धड बोलणं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आता काठीने चालतात. उजवा हात नुसता लोंबतो. बोलणं असं झालंय की मोठे शब्द येतात, छोटे गळतात. "चष्मा... टेबल." टेबलावर, टेबलाखाली की टेबलामागे, ते आपण शोधायचं. इंग्रजीतही तीच गत. एकतीस वर्षं ज्यांनी पोरांना इंग्रजी व्याकरण शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत नोकरदारांची शिकवणी चालवली, त्यांच्या तोंडी!

बाई म्हणाल्या, "त्यांना सगळं कळतं. ऐकलेलं कळतं, वाचलेलं कळतं. वाक्य बांधायला घेतलं की सांधे निखळतात."

मला हेच नको होतं. कळत नसतं तर बरं झालं असतं, असं एकदा मनात आलं. लिहून टाकते.

५ मार्च

शिकवणीचे सगळे गेले. समाचाराला आले, फळं ठेवली, खुर्चीच्या कडेवर बसले, गेले. त्यांच्यातली एक परिचारिका तेवढी राहिली आहे. तिची बढतीची परीक्षा एप्रिलच्या शेवटी आहे आणि इंग्रजीच्या पेपरात ती दोनदा आपटली आहे. आज दारात उभी राहून म्हणाली, "काकू, सरांनी नुसतं समोर बसावं. मी वाचते. चुकलं तर हात वर करतील."

मी म्हटलं, "अगं, त्यांनाच कुठे येतंय आता?"

आतून काठी आपटल्याचा आवाज आला. दोनदा.

९ मार्च, सोमवार

बाईंना विचारलं. म्हणाल्या, करून बघा, पण दमवू नका. आवडीचं काम असेल तर जीव धरतील.

यांची वही कपाटातून काढली. जाड, काळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर यांच्या झोकदार अक्षरात: 'विशेषणाचं शेपूट'. शिकवणीतही हे असंच शिकवायचे, भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. "इंग्रजी विशेषणाला शेपूट असतं. अफ्रेडला ऑफ, गुडला अ‍ॅट, अँग्रीला विथ. कुणाला कुठलं, ते पाठ करायचं. का, ते विचारायचं नाही. मांजराला विचारता का?" मग सगळे हसायचे. हा विनोद मी इतक्या वर्षांत किती वेळा ऐकला असेल, देव जाणे. आज ऐकायला मिळाला असता तर मीही हसले असते.

१२ मार्च

पहिला दिवस. मी वही धरून मध्ये बसले, परिचारिका समोर, हे आरामखुर्चीत. मी विशेषण वाचायचं, तिने शेपूट लावून वाक्य करायचं.

"अँग्री," मी म्हटलं.

"द डॉक्टर इज अँग्री ऑन मी."

यांचा डावा हात खाडकन खुर्चीच्या दांडीवर! डोळे असे चमकले की मला वाटलं आता बोलणारच. तोंड उघडलं. "अँग्री... अँग्री..." कपाळावरची शीर फुगली. 'विथ'साठी ओठ मुडपले गेले, दात खालच्या ओठावर आले, पण शब्द आला नाही. चूक कळली, बरोबर काय तेही आत कुठेतरी आहे, आणि दार उघडत नाही.

परिचारिकाच हळूच म्हणाली, "विथ मी." यांनी डोळे मिटून मान हलवली.

मला गंमत वाटली ती वेगळीच. मीसुद्धा 'ऑन'च म्हटलं असतं. आपण कुणावर रागावतो, कुणाशी लग्न करतो, गणितात हुशार असतो, तेच उचलून तिकडे इंग्रजीत नेऊन ठेवायचं. ती चूक नव्हे, आपली सवय आहे.

१५ मार्च, रविवार

लेकीचा फोन. "आई, बाबांना हळू घे हं." मी काय यांना पळवते की काय?

आता जे लिहायचं ते लिहूनच टाकते. एकोणीस वर्षांपूर्वी शाळेच्या समारंभात यांना आदर्श शिक्षकाचं पदक मिळालं. मुख्याध्यापकांनी मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं, इंग्रजीत. आठवडाभर आरशासमोर घोकलं होतं. मी स्टेजवर गेले आणि म्हणाले, "ही इज मॅरिड विथ इंग्लिश, नॉट विथ मी." लोक हसावेत म्हणून. लोक हसले. पण हे शेजारून माइकमध्ये म्हणाले, "मॅरिड टू. टू! घरीच विद्यार्थिनी कच्ची राहिली बघा." मग सभागृह जे हसलं, ते वेगळं हसू होतं.

त्यानंतर मी यांच्यासमोर इंग्रजीचा एक शब्द उच्चारला नाही. दुकानात बोलते. डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घेते, काचांच्या खोक्यांवर छापलेल्या सूचना वाचते. घरी नाही. यांनी कधी विचारलंही नाही की का नाही बोलत.

हे सगळं जुनं झालं. मनात काही नाही.

१९ मार्च

माझी प्रगती जोरात आहे! चाळीस विशेषणं शेपटांसकट पाठ. फ्रेम गरम करून वाकवताना पुटपुटत असते: फेमस फॉर, फुल ऑफ, काइंड टू, डिफरंट फ्रॉम. मालक म्हणाले, "कुणाला शाप देताय?"

यांची मात्र गाडी जागच्या जागी. मला वाटतं आपण फार लाड करतो. काहीही पुटपुटले की आम्ही समजून घेतो, मग जिभेला कष्ट कशाला पडतील? आजपासून नियम केला. चहा हवा असेल तर पूर्ण मागायचा. "चहा" म्हटलं की मी नुसती बघत उभी राहते. "चहाचं काय? चहा प्यायचा आहे? चहा गार झालाय? चहात साखर?" दहा मिनिटं लागली. शेवटी "चहा... मला" आलं. 'ला' आला! मी टाळ्या वाजवल्या. हे भिंतीकडे बघत प्याले.

बाईंच्या वहीत लिहिलं: "मला – १ वेळा, १० मिनिटांनी."

२४ मार्च

वहीत प्रत्येक विशेषणाखाली यांनी स्वतःची वाक्यं लिहिली आहेत. डिपेंडंटचं पान उघडलं. वाक्य होतं: माय वाइफ इज डिपेंडंट ऑन मी फॉर एव्हरी लेटर.

मी ते मोठ्याने वाचूनच टाकलं. मधेच थांबायचं तरी कसं? परिचारिकेने वहीतून मान वर काढली नाही. हे छताकडे बघत होते.

मग मला सुचलं. म्हटलं, "अहो, हे वाक्य तुम्ही म्हणायचं. उलटं करून. आय अ‍ॅम डिपेंडंट ऑन माय वाइफ." गंमत म्हणून हं. वाक्य सोपं आहे आणि सध्या खरंही आहे.

"डिपेंडंट... वाइफ."

"ऑन."

"डिपेंडंट... वाइफ."

"ऑन, ऑन. तुम्हीच तर सांगायचात, शेपटाशिवाय विशेषण लंगडं."

अकरा वेळा म्हणून घेतलं. आठव्या वेळी आवाज फुटला, अकराव्या वेळी डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, रडून चालत नाही, परीक्षेत रडलं की मार्क देतात का? परिचारिकेने पेनचं टोपण लावलं, वही पिशवीत घातली. "काकू," ती म्हणाली, "आज एवढंच करू या ना."

"अगं, अजून पाऊण तास आहे."

"मला ड्युटी आहे."

जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. यांच्या समोर खाली बसून यांच्या पायातल्या आधाराच्या बुटाची नाडी बांधली. सुटली होती, मला दिसली नव्हती.

२८ मार्च

परिचारिकेचा निरोप आला. ड्युटीची पाळी बदलली आहे, आता परीक्षेपर्यंत येता येणार नाही. कसल्या एकेक पाळ्या लावतात बिचारीला. ऐन परीक्षेच्या तोंडावर!

आता मी आणि हे. खंड पडायला नको, म्हणून मी संध्याकाळी तासभर घेणार.

१ एप्रिल

आज एक नवीन झालं. मी उशांचे अभ्रे बदलत होते. हे मागून आले, काठी न घेता, भिंत धरून. म्हणाले, "स्टेज."

"काय?"

"स्टेज... तू. स्टेज." छातीवर डावा हात ठेवला. "अ‍ॅशेम्ड."

असा आनंद झाला मला! आपणहून विशेषण काढलं, तेही वहीत न बघता. म्हटलं, "शाब्बास! अ‍ॅशेम्डला काय लागतं? ऑफ. म्हणा, अ‍ॅशेम्ड ऑफ."

"अ‍ॅशेम्ड... तू... नाही. मी. मी."

"आय अ‍ॅम अ‍ॅशेम्ड ऑफ. पुढे नाम घाला."

तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली, खूप वेळ हलवली, आणि भिंत धरत धरत परत गेले. चिकाटीच नाही. इतक्या जवळ येऊन सोडून दिलं.

स्टेज म्हणजे शाळेचं असणार. शाळेची आठवण येत असेल बिचाऱ्यांना. बक्षीस समारंभ, पदक, टाळ्या. बाईंच्या वहीत लिहिलं: "स्टेज – ३ वेळा, अ‍ॅशेम्ड – २ वेळा. संदर्भ: शाळा." पदक काढून, पुसून, यांच्या समोरच्या फळीवर ठेवलं.

संध्याकाळी बघते तर पदक पालथं.

७ एप्रिल

हल्ली मी दुकानातून येते तेव्हा हे झोपलेले असतात. सहा वाजता! थकवा येत असणार. बाईंना विचारायला हवं, औषधाने झोप येते का. मी वही घेऊन शेजारी बसते, अर्धा तास वाट बघते. पापण्या हलत असतात. स्वप्नं पडत असतील.

वाट बघता बघता मीच पुढची पानं वाचते. आता ऐंशी शेपटं येतात मला. कुणाला म्हणून दाखवायची?

११ एप्रिल, शनिवार

बुधवारी आणि शनिवारी अकराला सलूनवाला यांची दाढी करायला घरी येतो. तोंडाचा पट्टा सतत चालू. आज माझ्याकडे चष्म्याच्या नाकपट्ट्या बदलून घ्यायला दुकानात आला आणि म्हणाला, "वहिनी, सर आज लई रंगात होते. अर्धा तास बोलले."

"कोण, हे?"

"तर! त्यांच्या लहानपणी सायकल विहिरीत पडली ती गोष्ट सांगितली. मी हसून हसून वस्तरा खाली ठेवला. म्हटलं, कान जायचा एखादा."

नाकपट्टीचा स्क्रू इतका बारीक असतो, हातातून उडाला. सापडेपर्यंत खाली वाकून राहिले. थापा मारायला याला माणूस मिळाला. यांना 'चहा मला' म्हणायला दहा मिनिटं लागतात आणि विहिरीतली सायकल कशी बाहेर आली?

माझ्याशी लग्न होऊन छत्तीस वर्षं झाली. सायकलीची गोष्ट मला माहीत नाही.

१५ एप्रिल, बुधवार

एका म्हातारबुवांचा चष्मा द्यायचा होता आणि मी तो काल तपासायला म्हणून घरी नेलेला, तिथेच राहिला. साडेअकराला आणायला गेले. जिन्यातच यांचं हसणं ऐकू आलं. ब्रश पडल्यापासून पहिल्यांदा. मी वळणावर थांबले. दार उघडंच होतं.

सलूनवाला स्वतःच्या बायकोचं काहीतरी रडगाणं गात होता. मग यांचा आवाज. सावकाश, पण अडत नव्हता. तुटके तुकडे एकापुढे एक ठेवत होते, आणि तो मध्ये मध्ये "हां, हां, मग?" करत होता. चूक बरोबर काही नाही. नुसतं "मग?"

मग हे म्हणाले, "बायको... भीती."

तो हसला. "ती तर सगळ्यांनाच असते, सर!"

"नाही. नाही." खुर्ची करकरली. "बायको... भीती. खूप भीती. बायको..." आणि तेवढ्यात त्याने वाटीतलं पाणी बेसिनमध्ये ओतलं, नळ सोडला, पुढचं गेलं वाहून.

मी तशीच खाली आले. म्हातारबुवांना सांगितलं, संध्याकाळी या.

बायकोची भीती. बायकोला भीती. बायकोसाठी भीती. बायकोमुळे भीती. दुपारभर कागदावर लिहीत बसले. इंग्रजीतही करून पाहिलं. अफ्रेड ऑफ हर. अफ्रेड फॉर हर. ऑफ की फॉर, दोन-तीन अक्षरांचा जीव तो, आणि सगळा संसार इकडचा तिकडे होतो. सगळी शेपटं मला येतात. यांना कुठलं म्हणायचं होतं, तेवढं येत नाही.

२० एप्रिल, सोमवार

थेरपिस्ट बाईंनी वही चाळली. म्हणाल्या, "नोंदी छान ठेवल्यात. यातलं त्यांनी आपणहून बोललेलं कोणतं?"

मी पानं उलटत राहिले. "मला – १ वेळा." "ऑन – ० वेळा." "ऑफ – २ वेळा, माझ्यामागून म्हटल्यावर." बाई घाईत नव्हत्या. हे खिडकीबाहेर बघत होते.

"एक आहे," मी म्हटलं, "स्टेज आणि अ‍ॅशेम्ड."

"कशाबद्दल होतं ते?"

"शाळेबद्दल," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता माझा आवाज बसला. का ते कळलं नाही. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. यांनी खिडकीबाहेरची नजर काढून माझ्याकडे आणली आणि तिथेच ठेवली.

निघताना बाई म्हणाल्या, पहिल्या तीन महिन्यांत जेवढं झपाट्याने येतं तेवढं पुढे येत नाही. येतं, पण थेंबाथेंबाने. "इंग्रजी सोडा आता. व्याकरणही सोडा. नुसतं बोला त्यांच्याशी."

नुसतं कसं बोलतात?

२४ एप्रिल

परिचारिकेचा पेपर झाला. दुकानात येऊन सांगून गेली, बरा गेला म्हणाली. दहा गाळलेल्या जागा होत्या, आठ नक्की बरोबर. मी म्हटलं, सरांना भेटून जा. ती म्हणाली, "आत्ताच भेटून आले काकू." मग माझा हात धरला. "तुम्ही चिडू नका पण. त्यांना मी रोज येता-जाता भेटते. तुम्ही दुकानात असता तेव्हा."

म्हणजे पाळी बदलली नव्हती.

मी चिडले नाही. चष्म्याच्या काचा पुसायचं कापड घडी करून ठेवत राहिले. तेच कापड, चार वेळा.

२६ एप्रिल, रविवार

घरी बसून लिहितेय. पहिल्यांदाच ही वही घरी आणली.

आज सकाळी काळी वही कपाटात टाकली आणि यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले. हे झोपले नव्हते, पण मला बघून डोळे मिटायला लागले. मी म्हटलं, "मिटू नका. शिकवणार नाही आज."

डोळे अर्धवट उघडे राहिले.

"तुम्ही सलूनवाल्याला काहीतरी सांगत होतात. मी जिन्यात होते."

यांचा डावा हात दाढीवर गेला.

"मी विचारते, तुम्ही नुसती मान हलवा. तुम्हाला माझी भीती वाटते?"

शेजारच्या घरात कुणीतरी कुकर उघडला, वाफेचा आवाज आला. यांनी मान हलवली. हो.

त्या होकाराला मी तयार होते असं मला वाटलं होतं. स्टुलाची कड घट्ट धरली.

"की माझ्यासाठी वाटते? माझं कसं होईल म्हणून?"

हो.

"दोन्ही?"

हो.

"की दोन्ही नाही? मी भलतंच धरून बसले?"

त्यालाही हो. डोळे माझ्यावर, ओठ जुळवताहेत, उघडताहेत, आणि मान वरखाली, वरखाली. मला कळेना यातलं कुठलं 'हो' धरायचं आणि कुठलं सोडायचं. मला आणखी कसं विचारायचं तेही सुचेना. यांचाच डावा हात पुढे आला आणि हवेत थांबला. मला जवळ बोलावत होता की थांब म्हणत होता, तेही सांगता येत नाही.

मी शेवटचं विचारलं, "मी इथे बसू? की आत जाऊ?"

"हो," हे म्हणाले. मोठ्याने, स्वच्छ.

मी बसले.